खांद्यावरून घरी येणारे यंत्र

(नभोवाणीवरील भाषण)



गोव्याच्या किंवा कोकणच्या एखाद्या मासेमारी गावात संध्याकाळी किनाऱ्यावर उभे राहिले, तर एक दृश्य सहज नजरेस पडते. होडी वाळूवर ओढून घेतलेली असते, जाळी उतरवलेली असतात, आणि एखादा तरुण होडीच्या पिछाडीचे दोन मळसूत्री चाप सैल करून तेथे टांगलेले इंजिन उचलतो, खांद्यावर घेतो व घरची वाट धरतो. होडी किनाऱ्यावर राहते, इंजिन घरी जाते. रात्रभर ते पडवीत भिंतीला टेकून उभे असते.

आपल्याला ह्यात नवल वाटत नाही. परंतु यंत्रांच्या एकंदर कुळाचार पाहता ही गोष्ट मुलखावेगळी आहे. आगगाडीचे इंजिन कोणी घरी नेत नाही. गिरणीचे नेत नाही. आगबोटीचे तर नाहीच नाही. जे यंत्र काम संपल्यावर धन्याच्या खांद्यावरून घरी येते, असे यंत्र घडवावे हे प्रथम कोणाला तरी सुचावे लागले. त्या सुचण्याची हकीकत आज मला सांगावयाची आहे. तिच्या जोडीला आणखी एक विषय आहे. अशी पन्नास, साठ किंवा शंभर वर्षांपूर्वीची मोटर अडगळीतून बाहेर काढून घरच्या घरी पुन्हा चालती करणारी हौशी मंडळी आज जगात पुष्कळ आहेत. त्यांचा उद्योग आणि हा इतिहास, ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मोटर घरी येत होती म्हणूनच ती वाचली, आणि ती वाचली म्हणूनच तिचा इतिहास आज आपल्याला हातात धरून वाचता येतो.

नौकेच्या पाठीवर बाहेरून टांगायच्या ह्या यंत्राला आऊटबोर्ड मोटर म्हणतात. तिचा पहिला मान एका फ्रेंच गृहस्थाकडे जातो. गुस्ताव्ह त्रूव्हे नावाच्या विद्युत्‌शास्त्रज्ञाने १८८१ साली पॅरिसमध्ये सेन नदीवर, होडीच्या सुकाणूला विजेची लहान मोटर जोडून होडी चालवून दाखविली. विजेचे घट जड आणि लवकर रिते होणारे, त्यामुळे त्या प्रयोगातून तेव्हा फारसे निष्पन्न झाले नाही. पुढे १८९६ मध्ये न्यूयॉर्ककडील एका कंपनीने पेट्रोलवर चालणारे, उचलून नेता येण्याजोगे होडीचे इंजिन विकावयास काढले. तेही अगदी थोडे खपले.

ह्यानंतरचा पुरुष म्हणजे कॅमेरॉन वॉटरमन. हा येल विद्यापीठात विद्यार्थी होता. १९०३ च्या सुमारास एकदा आपल्या मोटारसायकलचे इंजिन साफ करण्यासाठी त्याने ते खुर्चीच्या पाठीला अडकविले होते. ते तसे लटकलेले पाहून, हे होडीच्या पाठीला का अडकवू नये, असे त्याच्या मनात आले, अशी हकीकत सांगतात. १९०५ च्या हिवाळ्यात त्याने डिट्रॉइट नदीवर त्याची परीक्षा घेतली. नदीत बर्फ तरंगत होते. इंजिनाची शक्ती खालच्या पंख्याकडे साखळीने नेलेली होती आणि साखळीत बर्फाचे तुकडे अडकून ती उतरत होती. पुढे साखळी गेली, तिच्या जागी उभा दांडा आला. पुढल्याच वर्षी पंचवीस मोटरी तयार झाल्या आणि नंतर हजारांच्या हिशेबाने खपल्या. वॉटरमनला यश आले नाही असे म्हणता येणार नाही. तथापि लोकांच्या तोंडी बसले ते नाव त्याचे नव्हे.

ते नाव ओल एव्हिनरूड ह्याचे. हा १८७७ साली नॉर्वेत जन्मला आणि पाच वर्षांचा असताना अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात आला. हा मुलूख तळ्यांचा. बाप शेतकरी, कष्टाळू आणि यंत्रांच्या नादाविषयी नाराज. मुलाने चोरून बांधलेली पहिली शिडाची होडी बापाने मोडून टाकली आणि मुलाने दुसरी बांधली, असे त्याच्या चरित्रातून नेहमी सांगितले जाते. सोळाव्या वर्षी तो कारखान्यात कामाला लागला व पुढे मिलवॉकी शहरात ओतकामाचे लाकडी साचे करणारा निष्णात कारागीर म्हणून प्रसिद्ध झाला. ही साचेकाराची विद्या ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

मग ती आइसक्रीमची गोष्ट. एका उन्हाळ्यात ओल आणि त्याची वाग्दत्त वधू बेस कॅरी ही मंडळी ओकाउची तळ्यावर सहलीला गेली होती. बेसला आइसक्रीम खावेसे वाटले. ओलने होडी घेतली, अडीच मैल वल्ही मारीत पैलतीर गाठला व परतीला पुन्हा वल्ही मारली; तो आला तेव्हा आइसक्रीमचे पाणी झाले होते. ह्या गोष्टीत भर किती आणि खरे किती, हे सांगणे अवघड आहे. कारखानदारीच्या इतिहासात अशा कथा पुष्कळदा मागाहून सजविलेल्या असतात. पण वल्ह्यांनी हात दुखलेल्या माणसाला यंत्र सुचावे हे मात्र संभवनीय आहे, आणि ओल एव्हिनरूडचे हात वल्ह्यांना लहानपणापासून ओळखत होते.

पहिले यंत्र त्याने घरी आणले तेव्हा बेसने ते पाहून, हे तर कॉफी दळायचे जाते दिसते, असे म्हटले. तिचे म्हणणे खोटे नव्हते. १९०९ मध्ये जे यंत्र विक्रीला आले त्याचे वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर आणि शक्ती सुमारे दीड अश्वशक्ती. सिलिंडर एकच आणि तो आडवा. त्यामुळे मुख्य दांडा उभा राहिला, तो सरळ खाली पाण्यात गेला आणि तेथे कोनात बसविलेल्या दातेरी चाकांनी त्याची गती पंख्याला मिळाली. माथ्यावर उघडे गतिचक्र, त्याच्यावर लाकडी मूठ. ती मूठ धरून चक्राला हिसका द्यायचा आणि चटकन हात काढून घ्यायचा. जो काढून घेण्यात दिरंगाई करी त्याच्या बोटांची पेरे मूठ फोडून टाकी. अमेरिकन लोकांनी ह्या यंत्रांना जे टोपणनाव दिले त्याचा अर्थच मुळी ‘बोटे फोडणारे’ असा आहे.

यंत्र ओलने केले, पण ते विकले बेसने. हा भाग यंत्रविद्येच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात, आणि मला तो अन्याय वाटतो. तोपर्यंत दोघांचे लग्न झाले होते. हिशेब तिच्याकडे, पत्रव्यवहार तिच्याकडे, आणि वल्ही फेकून द्या असे लोकांना सांगणारी ती गाजलेली जाहिरातही तिनेच लिहिली. जाहिरात निघताच पत्रांचा पाऊस पडला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क ह्या देशांतील कोळ्यांकडून मोठ्या मागण्या आल्या. ज्या देशातून ओल लहानपणी निघाला होता त्याच किनाऱ्यांवर त्याची यंत्रे परत गेली. पुढे बेसची प्रकृती ढासळली. तिच्यासाठी ओलने १९१४ मध्ये धंद्यातील आपला वाटा भागीदार ख्रिस मेयर ह्याला विकला आणि पाच वर्षे ह्या धंद्यात पाऊल न टाकण्याचे मान्य केले.

पाच वर्षे तो स्वस्थ बसला असता तर तो ओल एव्हिनरूड कसला? पत्नीला हवापालटासाठी हिंडवीत असतानाच त्याच्या डोक्यात एक विचार घोळत होता. ६२ पौंडांचे यंत्र पुरुषाला उचलता येते, पण जपून, कण्हत. ते हलके झाले पाहिजे. मुदत संपताच त्याने दोन सिलिंडरांचे, पुष्कळसे अॅल्युमिनियमचे यंत्र आखले. ते सुमारे ४८ पौंडांचे होते आणि शक्ती मात्र तीन अश्वशक्ती, म्हणजे जुन्याच्या दुप्पट. मेयरकडे तो ते घेऊन गेला. मेयरला ते नको होते. तेव्हा १९२१ मध्ये ओलने स्वतंत्र कंपनी काढली, आणि ‘एव्हिनरूडची हलकी दोन सिलिंडरांची आऊटबोर्ड’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन बेसने तिचे नाव ‘एल्टो’ ठेवले. अशा रीतीने एव्हिनरूडचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी खुद्द एव्हिनरूडच झाला. पण बाजारात त्याच सुमारास आणखी कोणी उतरले होते. इंडियाना प्रांतातील जॉन्सन बंधूंनी १९२२ साली अवघ्या ३५ पौंडांची, दोन अश्वशक्तीची मोटर आणली. बासष्ट, अठ्ठेचाळीस, पस्तीस! ह्या तीन आकड्यांत मला तरी ह्या यंत्राचा निम्मा इतिहास दिसतो. वेगाचे विक्रम झाले, शर्यती झाल्या, पण घराघरांत मोटर गेली ती वजनामुळे. तळ्याकाठचे कारकून, शिक्षक, धर्मोपदेशक शनिवारी ती गाडीत टाकून नेत आणि रविवारी रात्री परत आणीत. थंडीत तळी गोठली की ती तळघरात जाई.

पुढची राजकारणे थोडक्यात सांगतो. १९२९ मध्ये एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवुड ह्या तीन कंपन्या एक झाल्या. महामंदीत बुडालेली जॉन्सन कंपनी १९३५ मध्ये त्यांच्या हाती आली. बेस १९३३ मध्ये वारली. ओल १९३४ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता आली, आणि १९५० नंतरची दहापंधरा वर्षे हा ह्या धंद्याचा भरभराटीचा काळ ठरला. आज हौशी लोकांच्या हाती ज्या मोटरी येतात त्यांतल्या पुष्कळ ह्याच काळातल्या असतात. इंग्लंडात ब्रिटिश सीगल नावाची मोटर अशीच घरोघर पोचली होती. ती दिसायला ओबडधोबड. पितळी टाकी, उघडे चक्र, हळू फिरणारा मोठा पंखा. आणि दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल पिऊन मागे निळ्या धुराचा पट्टा सोडणारी. तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणूनच ती अजून चालते.

येथे एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३९ साली कार्ल कीकहेफर नावाच्या तरुण अभियंत्याने विस्कॉन्सिनमधील सीडरबर्ग गावचा एक दिवाळखोर कारखाना विकत घेतला. त्याला आऊटबोर्ड मोटरींत रस नव्हता. दुधाच्या व लोखंडाच्या धंद्यासाठी लागणारी चुंबकी यंत्रे त्याला करावयाची होती. पण कारखान्यात सुमारे तीनशे मोटरी पडून होत्या. एका मोठ्या दुकानाने त्या नीट चालत नाहीत म्हणून परत पाठविल्या होत्या. हाती पैसा नव्हता, तेव्हा कीकहेफरने त्या एकेक उघडल्या, कार्ब्युरेटर व इतर भाग सुधारले आणि त्याच दुकानाला परत विकल्या. दुकानाने आणखी मागितल्या! त्यातून मर्क्युरी ही कंपनी उभी राहिली. आज जगातल्या मोठ्या मोटर-कारखान्यांत तिची गणना होते, आणि तिचा पाया दुसऱ्याच्या बिघडलेल्या मोटरी दुरुस्त करण्यात आहे.

आता आपण मोटर उघडून पाहू. समजा, १९५० ते १९६० ह्या दशकातली एखादी साडेपाच किंवा दहा अश्वशक्तीची जॉन्सन वा एव्हिनरूड आपल्या हाती आली आहे. तिच्यावर धुळीची पुटे आहेत, दोरी कुजली आहे. नवख्या माणसाचा पहिला मोह असतो तो दोरी ओढण्याचा. तो आवरावा. वर्षानुवर्षे न फिरलेला दट्ट्या सिलिंडरला गंजाने चिकटलेला असू शकतो. त्याला हिसका दिला तर त्याची कडी तुटतात आणि मग भिंतीवर चरे पडतात. म्हणून स्पार्क प्लग काढावेत, भोकातून पातळ तेल सोडावे आणि दोन-चार दिवस वाट पाहावी. ज्याला वाट पाहता येत नाही त्याने हा उद्योग करू नये. मग गतिचक्र हाताने, अगदी हलकेच, फिरवून पाहावे. फिरले तर निम्मी लढाई जिंकली.

ह्यानंतर ठिणगी. गतिचक्राखाली चुंबकी विद्युद्यंत्र असते. चक्र काढण्यासाठी हातोडा मारणे हा अपराध आहे, आणि जुन्या यंत्रांवर ह्या अपराधाच्या खुणा जागोजाग सापडतात. वास्तविक चक्राच्या माथ्यावर आटे पाडलेली तीन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून पुलरने चक्र अलगद वर येते. ती तीन भोके पाहिली की मला नेहमी त्या अनाम आरेखकाची आठवण होते. यंत्र कधी तरी कोणी तरी उघडील, आणि तो कारखान्यातला माणूस नसेल, तर घरचा धनीच असेल, असे त्याने गृहीत धरले होते. चक्राखाली वेटोळी दिसतात. त्या काळातल्या वेटोळ्यांवरचे कठीण आवरण वयाबरोबर तडकते, आत दमट हवा शिरते आणि ठिणगी दगा देते; अशी वेटोळी बदलण्यावाचून गत्यंतर नाही. वीज जोडणारे-तोडणारे दोन धातूचे ठिपके मात्र बहुधा नुसते मळलेले असतात. कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी द्रावणात भिजवून त्यांतून ओढली की पुष्कळदा काम भागते. मग त्यांतले अंतर वीस सहस्रांश इंच ठेवायचे आणि अंधारात प्लग सिलिंडरच्या डोक्याला टेकवून चक्र फिरवायचे. निळी ठिणगी उडाली की घरातली मुलेही कौतुकाने जवळ येतात.

कार्ब्युरेटरकडे वळल्यावर मात्र आपल्याला एक अनपेक्षित ओळखीचा धागा सापडतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखण्यासाठी एक तरंगणारा खुंट असतो. जुन्या मोटरींत तो बुचाच्या लाकडाचा असे, आणि पेट्रोल आत मुरू नये म्हणून त्याला चपड्याचा, म्हणजे आपल्या लाखेचा, लेप दिलेला असे. त्या काळात जगाला लाख पुरविणारा मुख्य देश भारत होता. छोटा नागपूरच्या पलाश-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांचा राळेसारखा स्राव कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जाई. तेव्हा विस्कॉन्सिनच्या तळ्यावर तरंगणाऱ्या होडीच्या यंत्रात तरंगणाऱ्या बुचावर आपल्या जंगलातली लाख असणे अगदी स्वाभाविक होते. पेट्रोलमध्ये लाख विरघळत नाही. परंतु मद्यार्कात ती सहज विरघळते; आपला सुतार चपडा स्पिरिटमध्येच भिजवतो. आणि आज अमेरिकेतच नव्हे तर भारतातही पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे मद्यार्कच, मिसळलेला असतो. साठ वर्षे टिकलेला लेप नव्या इंधनात थोड्याच काळात सुटतो, बूच पेट्रोल पिऊन जड होते, बुडते, आणि लाखेचा चिकट काला बारीक वाटांत जाऊन बसतो. म्हणून जाणते लोक बूच वाळवून, घासून त्यावर इथेनॉलला दाद न देणारा आधुनिक लेप देतात. ह्यात मूळ वस्तूशी प्रतारणा आहे काय? असेल, पण लाखेचा हट्ट धरला तर यंत्र मुके राहील.

खालच्या भागात पाण्याचा पंप असतो. तळ्याचे पाणी वर खेचून इंजिन थंड ठेवायचे हे त्याचे काम. त्यातले रबरी चाक सुकून लाकडासारखे होते, ते डोळे मिटून बदलावे. दातेरी चाकांच्या पेटीतले वंगण उघडून पाहावे. ते दुधासारखे पांढरे निघाले तर आत पाणी शिरले आहे. आणि पंख्याच्या दांड्यात आडवी घातलेली एक बारीक, मऊ धातूची खीळ असते तिच्याकडे अवश्य लक्ष द्यावे. पंखा खडकावर आपटला की ती खीळ तुटते आणि मौल्यवान दातेरी चाके वाचतात. तिची सारी करामत तिच्या दुबळेपणात आहे. पण तळ्याच्या मध्यावर खीळ तुटल्याने वैतागलेला एखादा पूर्वीचा मालक तिच्या जागी पोलादी खिळा ठोकून मोकळा झालेला असतो, आणि पुढे चाकांचे दात गेलेले असतात. जुने यंत्र उघडताना आपण असे केवळ कारखानदाराचे नव्हे, तर आधीच्या सगळ्या मालकांचे स्वभाव उघडत असतो.

एका बाबतीत सावधगिरीचा शब्द. १९४९ पासून सुमारे दहा वर्षे काही मोटरींना वेगळी टाकी असे आणि तिच्यातले पेट्रोल हवेच्या दाबाने दुहेरी नळीतून इंजिनात ढकलले जाई. जुन्या टाकीच्या चकत्या सुकलेल्या असतात; दाबाखाली पेट्रोलची वाफ बाहेर येणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण. बंदिस्त खोलीत अशा टाकीशी खेळू नये. पुष्कळ लोक ती दाबाची तऱ्हाच काढून टाकून साधा पंप बसवितात, आणि मला ते शहाणपणाचे वाटते.

मग येतो रंगाचा वाद. १९६५ मध्ये अमेरिकेत जुन्या आऊटबोर्ड मोटरींच्या शौकिनांचे एक मंडळ स्थापन झाले, आणि अशा मंडळांत ह्या प्रश्नावर कधीच एकमत होत नाही. कोणी म्हणतात, मोटर कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी झळझळीत करावी. दुसरे म्हणतात, तिच्यावर चढलेले वय हाच तिचा दागिना. ते खरवडून काढणे म्हणजे जुन्या देवळाला तैलरंग फासणे. आपल्याकडे तैलरंग फासलेली देवळे पाहून ज्यांचा जीव कळवळला आहे त्यांना हा दुसरा पक्ष चटकन पटेल. मी स्वतः त्या पक्षाचा आहे, परंतु अर्धाच. ज्या ठिकाणी धातू गंजाने खाल्ला जात आहे तेथे रंग हे औषध आहे. आणि जुन्या यंत्रांचा मूळचा कोरा, चमकता धातू रंगाखाली झाकणे हे तर दोन्ही पक्षांना अमान्य असावे. ओल एव्हिनरूड साचेकार होता हे मी मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले होते. ओतकामाच्या कडा, दोन साच्यांच्या सांध्याची बारीक रेघ, गोलाईचे उतार ह्या साऱ्यांत साचेकाराचा हात दिसतो. जाड रंगाखाली तो हात बुजून जातो.

पण ह्याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. ही यंत्रे पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावरच आपले वंगण भागवितात. जुन्या पुस्तिकांत सोळा भाग पेट्रोलला एक भाग तेल असे प्रमाण आढळते. पुढे चोवीसास एक आणि नंतर पन्नासास एक झाले. त्यातही ज्या पद्धतीने सिलिंडरमधला धूर बाहेर जातो आणि नवे इंधन आत येते, तिच्यात इंधनाचा मोठा अंश, कधी कधी पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, न जळताच बाहेर पडतो. आणि आऊटबोर्डचे बाहेर म्हणजे पाणी. ज्या तळ्यांच्या ओढीने हे यंत्र जन्मले त्याच तळ्यांवर ते तेलाचा तवंग सोडीत आले. अमेरिकेच्या सरकारने १९९६ मध्ये ह्यावर नियम केले. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवरील ताहो तळ्यावर १९९९ पासून जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरवाल्या दोन-आघाती मोटरींना मज्जाव झाला. आणि प्रश्न नुसत्या धुराचाही नव्हता. अॅल्युमिनियमच्या ज्या ओतकामाने मोटर हलकी झाली, त्याच ओतकामाच्या यंत्रांतून वॉकीगन येथील कारखान्याने पीसीबी नावाची घातक रसायने मिशिगन सरोवराच्या बंदरात सोडल्याचे १९७० नंतरच्या दशकात उघडकीस आले. बंदराचा गाळ उपसून ते साफ करण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. हलकेपणाची किंमत कोणी तरी, कोठे तरी भरीतच होते.

नियमांना तोंड देण्यासाठी त्या जुन्या कंपनीने इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी नवी मोटर काढली. तिच्यात पुष्कळ बिघाड निघाले, गिऱ्हाईक दुरावले आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीने दिवाळे काढले. नावे दुसऱ्यांनी विकत घेतली. मधल्या काळात जपानी कारखाने पुढे सरसावले होते: यामाहाची पहिली आऊटबोर्ड १९६० ची आणि होंडाची, चार आघातांची, १९६४ ची. आपल्या किनाऱ्यावर आज तरुणांच्या खांद्यावर जी इंजिने दिसतात त्यांवर बहुधा जपानी नावे असतात ती ह्यामुळे. अखेर मे २०२० मध्ये, महासाथीच्या दिवसांत, एव्हिनरूड मोटरींचे उत्पादन कायमचे थांबविल्याचे जाहीर झाले. १९०९ ते २०२०, एकशे अकरा वर्षे. आता त्या नावाची मोटर जगात कोठे तयार होत असेल तर ती कोणाच्या तरी पडवीत, जुन्या तीन मोटरींतून एक.

मग असे यंत्र चालवावे की नुसते फळीवर ठेवावे? चालविले तर पाणी मळते. न चालविले तर ते पुतळा होते. माझे मत विचाराल तर वर्षातून एकदा, थोडा वेळ, आणि तेही पिंपात चालवावे. मोठे पिंप पाण्याने भरावे, त्याच्या काठाला जाड फळी बांधून मोटर टांगावी. जागा उघड्यावर असावी. हवेचा कान बंद करून दोरी दोनदा ओढावी, मग कान अर्धा उघडावा. तिसऱ्या-चौथ्या ओढीला यंत्र खोकते. सहाव्याला, काही पुण्याई असेल तर, धरते. पिंपातले पाणी खळबळून काठावरून सांडते, निळा धूर अंगणभर होतो, शेजारी खिडक्या लावून घेतात. ह्या वेळी कानांनी नव्हे, डोळ्यांनी पाहावे ते मागच्या छिद्रांतून पाण्याचे तुषार येत आहेत की नाही. थोड्याच वेळात ते आले नाहीत तर मोह सोडून इंजिन बंद करावे. आले तर पाच मिनिटे ऐकावे, मग पेट्रोलची कळ मिटवून कार्ब्युरेटरमधले उरलेले थेंब संपेपर्यंत यंत्राला आपोआप थांबू द्यावे.

पिंपातले पाणी गटारात ओतू नये, त्यावर तेल असते. आणि यंत्र खांद्यावर घेण्याची घाई करू नये. पाय खाली ठेवून ते थोडा वेळ उभे धरावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. लगेच आडवे केले, डोके खाली व पाय वर गेला, तर तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि पुढल्या वर्षी दट्ट्या पुन्हा चिकटलेला सापडतो. निथळल्यावर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडावे, चक्र दोनदा फिरवावे, फडक्याने पुसावे, आणि मग घरात न्यावे.